स्वस्त ट्यूब घ्या, पण आधी बादलीत बुडवा

कामाला मी रोज सायकलनेच जातो आणि ट्यूब स्वस्तातलीच घेतो. फक्त बसवण्याआधी थोडी हवा भरून ती बादलीत बुडवतो. वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) बुडाशी किंवा जोडावर बुडबुडे दिसले, की दुकानात परत. एकाच बाजूला फुगा आला तर तिथलं रबर पातळ, तीही नको. टायरवरचं माप, माझं 26 × 1.95, ट्यूबच्या मापात बसायला हवं. टायरच्या आतून बोट फिरवून जुना काटा शोधा (बाभळीचा असेल तर जपून!). रिमची पट्टी आऱ्यांची टोकं झाकते ना, तेही बघा. टायर हातानेच चढवा, स्क्रू-ड्रायव्हर नको. गेल्या पावसाळ्यात कोरी ट्यूब मीच त्याने चिमटली आणि शिव्या मात्र दुकानदाराला घातल्या.