ग्रीन कार्डची वाट बघताना एच-वन-बी सांभाळायची तयारी

अमेरिकेत आय-४८५ (ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज) दाखल झाला की निकाल लागेपर्यंत थांबता येतं. पण तो नाकारला गेला आणि मागे एच-वन-बी (कंपनीमार्फत मिळणारा तात्पुरत्या नोकरीचा दर्जा) उरलेला नसेल, तर उभं राहायला जागाच राहत नाही. म्हणून ईएडी (अर्ज चालू असताना मिळणारं काम करायचं परवानापत्र) हातात आलं तरी कंपनी एच-वन-बी वाढवून देत असेल तर तो सोडू नका.

सगळ्यात आधी आय-९४ (देशात आल्याची आणि राहायच्या मुदतीची नोंद) काढून बघा. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त आत येण्यापुरता. कुठवर राहायचं ते आय-९४ ठरवतो. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावर मुदतही तेवढीच मिळू शकते, मग एच-वन-बीच्या ॲप्रूव्हल नोटीसवर पुढची तारीख का असेना. हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. तेव्हा पासपोर्ट वेळेत नवा करून घ्या, आणि भारतातून परतलात की घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ तपासा. जोडीदाराचा आणि मुलांचा एच-फोर (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा दर्जा) आपोआप वाढत नाही, त्यासाठी आय-५३९ हा वेगळा अर्ज भरावा लागतो.

एच-वन-बीच्या मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. वकिलाच्या मेलची वाट न बघता तुम्हीच आठवण करा. अर्ज मुदतीत पोचला, तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं.

आई-वडिलांचं दुखणं सांगून येत नाही, त्यामुळे प्रवासाची सोय आधीच करून ठेवा. एच-वन-बी चालू असेल तर त्यावर ये-जा होते, मात्र स्टॅम्पिंगला (वकिलातीतून पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला) लागणारा वेळ हिशेबात धरा. फक्त ईएडीवर असाल तर ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) मिळाल्याशिवाय देश सोडू नका. नाहीतर ग्रीन कार्डचा अर्ज तुम्हीच सोडून दिलात असं धरलं जातं.

नोकरी गेली तर ६० दिवस किंवा आय-९४ची तारीख, जे आधी येईल तेवढीच राहायची सवलत. आय-४८५ला १८० दिवस होऊन गेले असतील तर त्याच प्रकारच्या कामात नोकरी बदलता येते; ‘त्याच प्रकारचं’ म्हणजे काय ते वकिलाकडून लेखी घ्या. एच-वन-बीवर असताना बाहेरची फुटकळ कामं मात्र अजिबात नकोत.

घर बदललं की १० दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवा. सगळे आय-७९७ (अर्जांच्या सरकारी नोटिसा), पे-स्लिप, डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचं वार्षिक पत्रक) जपून ठेवा. आणि मूल मोठं होत असेल तर २१ वर्षांची तारीख आजच वकिलापुढे मांडा, कारण त्या वयाला एच-फोर संपतो.