डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्या
फ्रीलान्स वेबसाइटचं पहिलं काम मिळालं, की डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलने आणि त्याच्याच पैशांतून घ्या. आपल्या खात्यावर घेणं सोपं वाटतं, पण मुदत संपल्याचा एक मेल नजरेतून सुटला, तर त्या ग्राहकाची साइट बंद पडते आणि त्याच डोमेनवरचे ईमेलही. दोष तुमच्यावर येतो, आणि तो रास्तच असतो. डोमेन एका वेळी 10 वर्षांपर्यंत नोंदवता येतं. निदान 2–3 वर्षांचं घ्यायला सांगा. ऑटो-रिन्यू, म्हणजे मुदत आपोआप वाढवण्याची सोय, सुरू ठेवा. ग्राहकाचा पासवर्ड मागू नका, शक्य तिथे त्याच्या खात्यात स्वतःसाठी स्वतंत्र प्रवेश मागा. आणि हो, अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कोडला हात लावू नका.