बाखचा गव्हॉट वाजवताना या चुका टाळा

जर्मन संगीतकार बाखच्या पाचव्या फ्रेंच स्वीटमधला (स्वीट म्हणजे नाचांच्या चालींची मालिका) गव्हॉट हा नाच (जी मेजर, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही 816) पियानोवर वाजवायला कागदावर सोपा दिसतो. बोटं लवकर बसतातही, पण नाच काही उभा राहत नाही.

घोळ बहुतेक वेळा पहिल्या दोन स्वरांतच असतो. गव्हॉट अर्ध्या बारपासून (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधलं तालाचं एक माप) उठतो: दोन क्रोचेट (पाव बार लांबीचे स्वर), मग बारची रेघ. विद्यार्थी पहिल्याच स्वरावर जोर देतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात अख्खी रचना अर्धा बार सरकते. ख्यालाचा मुखडा समेच्या आधी उठून समेवर येतो, तसंच इथे आहे. सुरू करण्याआधी मोठ्याने 'एक-दोन' म्हणा, 'तीन-चार'वर वाजवायला लागा आणि वजन रेघेनंतरच्या स्वरावर टाका. हे जमलं की चार मोजणं सोडा, बारला दोनच ठोके धरा. मेट्रोनोमही (ठोके देणारं यंत्र) तसाच लावा. आणखी एक, ओळी संपतातही बारच्या मध्यावर. त्यामुळे श्वास तिथे घ्यायचा, रेघेवर नाही.

ट्रिलमुळे (शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून वाजवायचा अलंकार) लय अडखळते अशी तक्रार असते. कारण साधं आहे: ट्रिल ठोक्याच्या आधी घुसवली जाते, तीही मूळ स्वरापासून. बाखने 1720 मध्ये मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, अलंकारांचा तक्ता लिहून ठेवला. त्यात ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होते. एफ शार्पवर ट्रिल असेल तर जी-एफ शार्प-जी-एफ शार्प, आणि पहिला जी डाव्या हाताच्या स्वराबरोबरच पडला पाहिजे. चार स्वर भरपूर झाले. आधी अलंकार वगळूनच वाजवा, चाल पक्की झाल्यावर एकेक घाला.

स्वर लांबवणारं पायाचं पेडल? जवळजवळ नकोच. क्वेव्हर (क्रोचेटच्या निम्मे स्वर) जोडून, क्रोचेट किंचित सोडून वाजवले की पावलं आपोआप ऐकू येतात. पुस्तकात लांबलचक स्लर (स्वर जोडायच्या कमानी) आणि क्रेशेंडो (आवाज वाढवायच्या खुणा) दिसले तर ते बहुधा संपादकाचे असतात. उर्टेक्स्ट आवृत्ती, म्हणजे संपादकाची भर नसलेली मूळ संहिता, बघा.

साराबांदमध्ये (तीन ठोक्यांचा संथ नाच) याच्या उलट गंमत होते. दुसऱ्या ठोक्यावर वजन असतं हे कुठेतरी वाचलेलं असतं, मग प्रत्येक बारमध्ये तो बडवला जातो. हार्मनी (एकत्र वाजणारे स्वर) किंवा लांब स्वर तिथे ताण देत असेल तरच वजन द्या.

गव्हॉटच्या पहिल्या भागाअखेर वेग सोडू नका, तिथून लगेच पुन्हा उठायचं असतं. अगदी शेवटच्या फेरीत, शेवटच्या स्वराआधी जरासं थांबलात तरी पुरे.