पटरसाठी जाड ग्रिप निवडताना

गोल्फमध्ये तीन-चार फुटांवरचे पट, म्हणजे चेंडू हलकेच छिद्राकडे ढकलण्याचे फटके, वारंवार डावी-उजवीकडे जात असतील आणि चेंडूला टोला देताना मनगट वळत असेल, तर पटरला (या फटक्यांसाठीच्या काठीला) जाड ग्रिप बसवून पाहण्यास हरकत नाही. जाड ग्रिपमुळे बोटांची पकड सैल राहते, मनगटाची हालचाल कमी होते आणि फटका खांद्यांतून येतो. अंतराचा अंदाज चुकणे ही मुख्य अडचण असेल, तर मात्र ग्रिप बदलून फारसे साधत नाही. उलट बोटांना मिळणारी जाणीव थोडी बोथटच होते.

जाडीइतकेच वजन महत्त्वाचे आहे. ग्रिप जड झाली की पटरचे डोके हलके वाटू लागते, म्हणून आधीच हलक्या डोक्याच्या पटरसाठी फोमसारख्या हलक्या पदार्थाची ग्रिप घ्यावी. आकारात, खालपर्यंत एकसारखी जाड असलेली ग्रिप खालच्या हाताला अधिक शांत ठेवते; निमुळती ग्रिप त्या हाताला थोडी मोकळीक देते. सर्वांत जाड ग्रिपवर एकदम उडी न मारता मध्यम जाडीपासून सुरुवात करणे मला शहाणपणाचे वाटते. नियमांनुसार ग्रिपची जाडी कुठेही १.७५ इंचांपेक्षा, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये.

ग्रिप बसवताना तिची पुढची सपाट बाजू पटरच्या तोंडाशी, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूशी, काटेकोर जुळवावी, कारण ती किंचित फिरली तरी अंगठे चुकीच्या जागी टेकतात आणि तोंड नकळत उघडे किंवा बंद, म्हणजे लक्ष्यापासून एका बाजूला वळलेले, राहते.