'गेट'चे अर्थ पाठ करू नका

सातवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर 'गेट अप' लिहिलं आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, वरचा दरवाजा." वर्ग खो खो हसला, पण चूक त्या पोराची नव्हतीच. फाटकाचा गेट आणि क्रियापदाचा गेट देवनागरीत आपण एकसारखाच लिहितो. फाटकाचा ए लांब, शेवटी 'इ' या स्वराकडे झुकणारा. क्रियापदाचा ए तोकडा, म्हणतोय तोवर संपलेला. तो तोकडा ए लिहायची मराठीत सोय नाही, त्यामुळे कानानेच शिकावा लागतो. पहिलं काम म्हणून हे दोन शब्द मोठ्याने दहा वेळा म्हणा.

कराडजवळच्या एका मराठी शाळेत 29 वर्षं इंग्रजी शिकवलं. आता संध्याकाळी घरी चार-पाच जण येतात. दोन मुलं स्पर्धा परीक्षेची, एक पार्लर चालवणारी, एक नुकतं लग्न झालेली आणि व्हिसाची वाट बघणारी. प्रत्येकाची मागणी एकच: "बाई, गेटचे सगळे अर्थ लिहून द्या ना." मी देत नाही. यादी दिली की ती वहीत राहते.

त्याऐवजी मी त्यांना 'लागणे' हे क्रियापद देते आणि म्हणते, वाक्यं करा. भूक लागली. ठेच लागली. नोकरी लागली. दिवे लागले. गाव लागलं. वेळ लागला. निकाल लागला. दूध पातेल्याला लागलं. जावं लागतं. रडू लागली. पाच मिनिटांत फळा भरतो. मग विचारते, यातला एक तरी अर्थ तुम्हाला कुणी पाठ करायला लावला होता का? (हे 'लावला'सुद्धा त्याच घरातलं.) संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे. भूक येऊन चिकटते, ठेच चिकटते, नोकरी चिकटते. मूळ हाताशी असलं की बाकीचं आपोआप ओळखीचं वाटतं. 'गेट'चंही मूळ असंच एक आहे, आणि तेही शरीराशी जोडलेलं: हाताने धरणे.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण त्याने खरंच काम सोपं होतं.

'गेट' हा मुळात इंग्लंडचा शब्दच नाही. 793 साली उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. 866 मध्ये त्यांच्या फौजेने यॉर्क घेतलं, आणि पुढे ही माणसं तिथेच जमिनी कसत राहिली. त्यांच्या नॉर्स बोलीत 'गेता' म्हणजे मिळवणे, हाती लागणे. शेजारपाजार झाला, सोयरिकी झाल्या आणि 1200च्या सुमारास हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागला. 'टेक' हा शब्द त्यांचा, 'स्काय' त्यांचा, 'एग' त्यांचा, 'दे' हे सर्वनामसुद्धा त्यांचंच. दुसऱ्या भाषेतून नामं येतात हे आपल्याला माहीत आहे, आपल्याकडे बटाटा आला, पगार आला. पण सर्वनाम उसनं येणं म्हणजे फारच घरोबा.

जुन्या इंग्रजीत याच कुळातला शब्द होता, पण एकटा सहसा फिरत नसे, मागेपुढे काही जोडूनच येई. त्यातला एक तुम्ही रोज वापरता: 'फर्गेट'. 'फर' म्हणजे इथे दूर, निसटून. 'गेट' म्हणजे धरणे. धरलेलं सुटलं, की विसरलं. त्या काळी त्यातला ग आपल्या य सारखा उच्चारत. आजचा खणखणीत ग नॉर्स शेजाऱ्यांमुळे आला. दुसरा शब्द 'बिगेट', अपत्य होणे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये वंशावळीच्या वंशावळी याच क्रियापदावर चालतात: अब्राहमला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला.

आणखी मागे गेलात तर लॅटिनमधलं एक भावंड भेटतं, 'प्रेहेंदेरे', म्हणजे पकडणे. त्यातून 'प्रिझन' आला, तसाच 'काँप्रिहेन्ड' आला. एक माणसाला पकडून ठेवतो, दुसरा अर्थाला. म्हणून "आय गेट इट" याचा अर्थ "कळलं मला" असा कसा, याचं आश्चर्य वाटायला नको. आपणही "बरोबर मुद्दा पकडलास" म्हणतोच. ग्रहणशक्तीतला 'ग्रह्' म्हणजेसुद्धा धरणे, आणि सूर्याला लागतं ते ग्रहणही तेच.

आता वाचताना काय करायचं ते. वाक्यात 'गेट' दिसला की त्याच्याकडे बघू नका, त्याच्या पुढे काय आहे ते बघा. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे: पत्र मिळालं, पाणी आणून दे. सर्दी असेल तर सर्दी झाली, तीही एक मिळकतच. पुढे ठिकाण असेल तर पोचणे. पुढे विशेषण असेल तर होणे: 'गेट टायर्ड' दमणे, 'गेट अँग्री' चिडणे. इथे मराठीत बहुधा एकच क्रियापद पुरतं, म्हणून मुलं 'गेट' गाळतात आणि "आय अँग्री" लिहून मोकळी होतात.

खरी गंमत पुढे माणूस आला की असते. "आय गॉट हिम टु साइन": त्याच्याकडून सही करून घेतली. 'मेड हिम साइन' म्हटलं तर जबरदस्ती झाली. 'गॉट'मध्ये गोडीगुलाबी आहे, चहा पाजणं आहे, दोन खेपा घालणं आहे. आणि तो 'टु' विसरायचा नाही. 'मेड'नंतर तो येत नाही, 'गॉट'नंतर आलाच पाहिजे.

पार्लरवालीने एकदा लिहून आणलं, "माय कस्टमर कट हर हेअर." मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकानेच कात्री चालवली तर तू काय करत होतीस? "माय कस्टमर गॉट हर हेअर कट": कापून घेतले. आपल्याकडे 'घेणे' जे काम करतं ते इथे 'गेट' करतो, फक्त क्रम बघा: आधी 'गॉट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हीच बांधणी नको असलेल्या गोष्टीलाही चालते. "ही गॉट हिज पॉकेट पिक्ड" म्हणजे त्याने खिसा मारून घेतला नाही, त्याचा खिसा मारला गेला. हौसेने की नशिबाने, ते संदर्भावरून ठरवायचं.

व्हिसावाल्या मुलीने विचारलं, "'गेट मॅरिड' का म्हणतात?" मॅरिड ही स्थिती, 'गेट' म्हणजे त्या स्थितीत शिरणे. पण तिला मी वेगळंच दाखवलं. 'लग्न' हा शब्द 'लग्' धातूचं भूतकाळी विशेषण आहे: जोडलेलं, चिकटलेलं. म्हणजे "लग्न लागलं" म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो. ती म्हणाली, "म्हणजे फेव्हिकॉल." असो.

दोन ठिकाणी जपून राहा. पहिलं, अर्ज आणि कार्यालयीन पत्रं. तिथे 'गेट' चूक नाही, पण घरगुती आहे. 1066 नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि कचेरीचे शब्द त्यांच्या भाषेतून आले: 'रिसीव्ह', 'ऑब्टेन'. फरक आपल्याला समजायला अगदी सोपा आहे. 'गॉट युअर लेटर' म्हणजे "तुमचं पत्र मिळालं", 'रिसीव्ड युअर लेटर' म्हणजे "आपले पत्र प्राप्त झाले". आईला कुणी 'प्राप्त झाले' लिहीत नाही.

दुसरं 'गॉटन'. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्या मुलीने मला पाठवलेल्या निबंधात 'हॅड गॉटन' होतं, मी ते लाल शाईने खोडून 'गॉट' केलं आणि वर शेराही मारला. नंतर कळलं की चूक माझीच. 'गॉटन' अमेरिकेने बनवलेलं नाही. जुन्या इंग्रजीभाषकांनी ते सोबत नेलं, तिथे टिकलं आणि ब्रिटनमध्ये मागे पडलं. तिथे आता ते 'इल-गॉटन' अशा एखाद्या शब्दात उरलंय, लुबाडलेल्या पैशाला म्हणतात तो. आपल्या परीक्षांना 'गॉट' लिहा, पण नातवंडांचं खोडू नका. मी त्या पोरीला फोन करून शेरा मागे घेतला.

वहीचं म्हणाल तर एका पानावर 'गेट'चं एकच वाक्य, खाली त्याचं मराठी, तेही तुम्ही घरात बोलता तसं. 'प्राप्त करणे' वगैरे दिसलं की मी पान परत देते. रोज दोन वाक्यं खूप झाली. आजचं एक माझ्याकडून घ्या: "आय हॅव गॉट टु गेट गोइंग." यात 'गेट' दोनदा आलाय. पहिला नुसती सक्ती दाखवतो, दुसरा हालचाल सुरू होणं. आमच्या एका मुलाने शब्दाशब्दाला झटत याचं चार ओळींचं भाषांतर केलं होतं. पार्लरवालीने पर्स उचलली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "बाई, मला आता निघावं लागेल." मी म्हटलं, हेच लिही.