आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर पुन्हा वाजता करताना
खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या प्लेअरला घाईने वीज जोडू नये. त्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) आधी जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. मग प्लग काढलेला असतानाच तबकडीखालची थाळी अलगद उचलावी. अनेक जुन्या यंत्रांत मोटरची गती थाळीपर्यंत एक रबरी चाक पोहोचवते; ते कडक होऊन चकाकू लागले की घसरते आणि गाणे ओढल्यासारखे ऐकू येते. आमच्या आजोबांच्या प्लेअरमध्ये हेच झाले होते. चाकाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आसावरचे गोठलेले ग्रीस काढून हलक्या मशीन तेलाचा एकच थेंब सोडावा, मात्र रबराला तेल लागू देऊ नये. रबराला तडे गेले असतील तर चाक बदलावे.

सुईची निवड मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्यामुळे तिला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, तर एलपीला (लाँग प्ले तबकडीला) १ मिलच्या आसपासची. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी जुनी तबकडी घरात असेल, तर ती आधी मऊ कोरड्या ब्रशनेच झाडावी.