मास्टर कीचा आराखडा: आधी माणसं, मग कुलपं

ऑफिस इमारतींच्या मास्टर की सिस्टिमचं, म्हणजे प्रत्येक दाराला आपली चावी आणि वर सगळ्या दारांना चालणारी एक मास्टर चावी, असं काम शिकायला आलेल्या मुलांना मी पहिला आठवडा सिलिंडर, म्हणजे कुलपाचा चावी जाते तो भाग, खोलू देत नाही. वही घेऊन इमारत चालायला लावतो. कुठलं दार कोण उघडतं, किती वाजता, तो रजेवर असला तर कोण, हे सिक्युरिटीच्या आणि हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला विचारून दारागणिक लिहायचं. नकाशात हे सापडत नाही.

माझ्या पहिल्या मोठ्या कामात मी नकाशावरूनच की-चार्ट, म्हणजे कुठल्या चावीने कुठलं दार उघडेल याचा तक्ता, केला. मग मालकांनी सांगितलं, मजल्यावरच्या प्रत्येक केबिनच्या चावीने पँट्री उघडली पाहिजे. मी हो म्हणालो आणि त्या सिलिंडरमध्ये पिना वाढवत गेलो. महिनाभरात वरच्या मजल्यावरच्या स्टोअरच्या चावीनेही पँट्री उघडली.

असं का होतं, ते चिमट्यात पिन धरून बघा. साध्या सिलिंडरच्या प्रत्येक खणात खाली एक पिन, वर एक पिन आणि स्प्रिंग. मास्टरसाठी त्या दोन पिनांमध्ये चकतीएवढी पातळ पिन घालतात, म्हणून तो खण एकाऐवजी दोन उंचींवर सुटतो. सहाही खणांत चकती पडली की 64 प्रकारच्या कटांना, म्हणजे चावीवरच्या खाचांच्या मांडण्यांना, ते कुलूप फिरू शकतं. त्यातले 2 कट आपण दिलेले, एक त्या दाराच्या चावीचा, एक मास्टरचा. उरलेले 62 इमारतीतल्या दुसऱ्या कुठल्याही चावीवर येऊ नयेत, हेच चार्टचं खरं काम. पँट्रीत मी ही संख्या स्वतःच फुगवली होती. अशा दाराला सरळ वेगळी चावी द्यावी.

दर खणात मास्टरची खाच सोडून खाचेच्या 4 पातळ्या मिळाल्या तर सहा खणांत कागदावर 4096 चाव्या होतात. शेजारच्या खाचांत फार फरक पडणाऱ्या चाव्या कापता येत नाहीत. त्या वगळल्या की आकडा घटतो. म्हणून चार्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या गटात भरपूर जागा रिकाम्या सोडा. भाडेकरू बदलतात, पार्टिशन उठतात.

सर्व्हर रूम आणि कॅश रूम मास्टरखाली घेऊ नका. आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार आतून चावीशिवाय उघडलंच पाहिजे. यावर कुणाचं काही ऐकू नका.

ग्रँड मास्टर, म्हणजे सगळ्या मास्टर चाव्यांच्या वरची चावी, हरवली तर तिच्याखालचं प्रत्येक सिलिंडर नव्याने पिनावं लागतं. ती कुणाच्या ताब्यात राहणार, कुठल्या रजिस्टरवर सही करून निघणार, हे मालकांकडून लेखी घ्या. तोवर मी ती कापत नाही.